र. धों. कर्वे आणि विचारायला लाज वाटणारे प्रश्न

वैराग, बार्शी, मोहोळ या भागात प्रवास करताना रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. गुप्तरोग, धातू जाणे, कमजोरी, खात्रीशीर इलाज आणि खाली मोबाइल नंबर. त्या चालतात, कारण अनेकांना लैंगिक त्रास गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगण्याची हिंमत होत नाही. असा एखादा प्रश्न तुम्हाला किंवा तुमच्या जोडीदाराला सतावत असेल, तर हे प्रश्न मराठीत उघडपणे विचारण्याची सोय करणाऱ्या माणसाची ही माहिती वाचा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. बाळंतपणात बाई दगावते आणि वेगळं वागणाऱ्याला गाव बाहेर काढतं, या दोन्ही गोष्टी या मुलानं घरातच पाहिल्या. १८९९ मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले. पुढे गणित शिकले, पॅरिसला जाऊन आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमधलं मेरी स्टोप्स यांचं पहिलं केंद्रही त्याच वर्षी उघडलं. कॉलेजच्या चालकांना हे रुचलं नाही आणि कर्व्यांची नोकरी गेली. तरी काम थांबलं नाही. संततिनियमन आणि गुप्तरोगांपासून बचाव या विषयांवर त्यांनी पुस्तकं लिहिली आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. ते जवळजवळ २६ वर्षं चाललं. मासिकाची मुखपृष्ठं त्या काळच्या वाचकाला धक्का देणारी असत आणि कर्व्यांना त्याची फिकीर नसे.

या मासिकाचा आपल्या विषयाशी सगळ्यात जवळचा भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. जे प्रश्न घरात उच्चारताही येत नसत ते लोक कर्व्यांना विचारत, आणि कर्वे ते छापून उत्तर देत. हस्तमैथुनानं शरीर खंगतं, वेड लागतं अशी समजूत तेव्हा घट्ट होती. कर्व्यांनी ती खोडून काढली. आजचं वैद्यकशास्त्रही तेच सांगतं: हस्तमैथुनानं शक्ती जात नाही, वीर्य साठवून ताकद वाढत नाही, आणि ‘धातू जाणे’ हा बहुतेक वेळा आजार नसतो.

अशा उत्तरांसाठी त्यांना कोर्टात जावं लागलं. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी थेट वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर कुणी प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर दिलं तर ते अश्लील कसं, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. कोर्टानं तो मानला नाही. २०० रुपये दंड झाला. कर्वे दंड भरून पुढचा अंक काढायला लागले.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कर्वे डॉक्टर नव्हते, आणि आज ज्याला आपण लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याचा आजार म्हणतो, त्याची व्याख्या त्यांच्या काळात झालेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर’ हे निदान आपल्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत घेतलं. ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात एक अट आहे, ती वाचताना मला कर्व्यांची आठवण होते. केवळ नैतिक अपराधीपणामुळे माणूस अस्वस्थ असेल, तर तेवढ्यावरून हे निदान करायचं नाही. महिन्यातून चार वेळा पॉर्न पाहून रात्रभर रडणारा अविवाहित मुलगा आजारी असेलच असं नाही. त्याला बरेचदा खरी माहितीच पुरते.

मग आजार कधी म्हणायचा? इच्छा आवरायचे प्रयत्न वारंवार फसतात. काम, अभ्यास, शेती, घर, तब्येत मागे पडते. पैसे जातात, नातं तुटायला येतं, तरी थांबता येत नाही. पुष्कळदा त्यातून आनंदही मिळेनासा होतो. हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. इच्छा जास्त असणं, एवढ्यानं कुणी आजारी ठरत नाही.

डॉक्टर आधी इतर कारणं शोधतील. झोप कमी, बोलणं जास्त, उधळपट्टी आणि त्यासोबत अचानक वाढलेली कामेच्छा, असं चित्र असेल तर तो मॅनिया असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पार्किन्सन्सच्या रुग्णांना दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधंही काहींमध्ये असं वर्तन घडवतात. घरातल्या वयस्कर माणसाचं वागणं अशा गोळ्या सुरू झाल्यावर बदललं असेल, तर भांडण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. दारू, नैराश्य, चिंता यांचीही चौकशी होते, कारण हे त्रास वरचेवर सोबत असतात.

मुख्य उपचार बोलण्याचाच आहे. वर्तनोपचारात तुम्ही आणि समुपदेशक मिळून पाहता की ओढ कधी येते: रात्री एकटं असताना, भांडणानंतर, दारूनंतर, की नुसत्या कंटाळ्यानं. ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती येताच तिच्यामागे न धावता थोडा वेळ थांबायचा सराव करावा लागतो. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणं, पैशाचे व्यवहार जोडीदारासमोर उघडे ठेवणं असे साधे बदलही ठरवून करतात. काहींना एसएसआरआय गटातली औषधं किंवा नाल्ट्रेक्सोन उपयोगी पडतं, पण ती मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची. मधेच घसरण होऊ शकते. घसरलात म्हणून उपचार सोडू नका, पुढच्या भेटीत ते सांगा.

आता जोडीदाराबद्दल. कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई यांचं नाव त्यांच्या नावापुढे झाकलं गेलं, हे मला खटकतं. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय दोघांचा होता, कामात त्यांची साथ होती आणि लोकांच्या टोमण्यांत त्यांचाही वाटा होता. कर्वे स्त्रीच्या शरीरावर तिचाच हक्क मानत. नवऱ्यानं बाहेरून आणलेला गुप्तरोग बायकोनं मुकाट सोसायचा, हे त्या काळी सर्रास चालत असे, आणि गुप्तरोगांवरच्या पुस्तकाची गरज तिथेच होती.

तुम्ही अशा माणसाच्या पत्नी किंवा पती असाल तर हे लक्षात घ्या: हा आजार तुमच्या दिसण्यामुळे, वयामुळे किंवा तुम्ही नकार दिल्यामुळे झालेला नाही. सासूबाई किंवा शेजारीण काहीही म्हणो. बाहेर संबंध आले असतील तर एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी यांची तपासणी तुम्ही स्वतः करून घ्या, त्रास नसला तरी. सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत होतं. दिवस गेले असतील तर अजिबात थांबू नका. अहवाल हाती येईपर्यंत निरोधशिवाय संबंध नको, आणि नकोसे वाटत असतील तर संबंधच नकोत. संपर्क नुकताच झाला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, एचआयव्ही टाळणारी औषधं त्या मुदतीतच सुरू करावी लागतात.

रोज मोबाइल तपासणं, खिसे चाचपणं यानं तुमची झोप उडते आणि त्यांचा आजार बरा होत नाही. तुमच्यासाठी वेगळा समुपदेशक असावा. दोघांनी एकत्र बसून बोलायचं तर ते सुरुवातीची आग थोडी शमल्यावर आणि तज्ज्ञासमोर. काय घडलं हे तुकड्यातुकड्यांत कळणं फार जड जातं, म्हणून ते कधी आणि कसं सांगायचं हेही तिथेच ठरवतात. माफ करायचं की नाही, हा निर्णय तुमचा. जबरदस्ती, मारहाण, किंवा मुलांशी चुकीचं वागणं असेल तर तिथे आजाराची सबब चालत नाही. ११२ वर किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ ला वारले आणि त्यांच्या मागोमाग मासिकही बंद पडलं. पुढे २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. कर्व्यांना लिहिण्यासाठी वाचकाला निदान टपाल पेटीपर्यंत जावं लागे. तुम्ही घरबसल्या टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलू शकता. समोर बसून बोलायचं असेल आणि वैरागात कुणी ओळखेल अशी धास्ती असेल तर सोलापूरला जा. तुम्ही जे सांगाल ते गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे, फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल अशा मोजक्या वेळी त्याला अपवाद असतो. पहिल्या भेटीत सगळं सांगावंच लागतं असं नाही. झोप लागत नाही, एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालते.