डॉ. हाजिमे होसोकावा: मासे, पारा आणि चारशे क्रमांकाचे मांजर

पारा म्हटले की तुम्हाला जुना थर्मामीटर आठवेल आणि तो फुटल्यावर फरशीवर घरंगळणारे चकचकीत मणी. तो पारा चुकून गिळला तर आतड्यातून फारसा शोषला जात नाही. त्याची वाफ मात्र घातक असते. मिथाइल पारा हे त्याचे दुसरे रूप. ते अन्नातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते, मेंदूत शिरते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. या रूपाने काय होते हे ज्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दिसले, त्यांच्याविषयी तुम्ही वाचायला हवे, विशेषतः तुमच्या घरी आठवड्यातून तीन-चार दिवस मासळी शिजत असेल तर.

हाजिमे होसोकावा यांचा जन्म 1901 चा. जपानच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीचा मोठा रासायनिक कारखाना होता आणि ते त्या कारखान्याच्या रुग्णालयाचे संचालक होते. ते कंपनीचे पगारी डॉक्टर होते, हे लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यातूनच घडले.

एप्रिल 1956 मध्ये पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्या रुग्णालयात आली. तिला धड चालता येईना, बोलता येईना, झटके येत होते. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली, मग शेजारची माणसे. सगळी कोळ्यांची कुटुंबे. 1 मे रोजी होसोकावांच्या रुग्णालयाने मज्जासंस्थेच्या अज्ञात आजाराची साथ आल्याचे सरकारी आरोग्य केंद्राला कळवले. तोंडाभोवती आणि हातापायांना बधिरपणा, तोल जाणे, नजरेचा घेर आक्रसणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे होती. आजार संसर्गजन्य असावा अशा भीतीने शेजारी या घरांशी बोलेनासे झाले. गावातली मांजरेही वेडीवाकडी नाचत मरत होती. माणसे आणि मांजरे यांच्यात समान काय होते? उपसागरातले मासे.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी मँगनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकेक मूलद्रव्य तपासले आणि जुलै 1959 मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. कंपनीने ते नाकारले. त्याच महिन्यात होसोकावांनी एक साधा प्रयोग सुरू केला. कारखान्यात अॅसिटाल्डिहाइड तयार करताना पारा वापरला जाई. त्या विभागाचे सांडपाणी त्यांनी एका मांजराला रोज अन्नातून दिले. मांजराचा क्रमांक होता 400. अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी, 7 ऑक्टोबरला, ते झटके देऊ लागले, लडखडले.

उत्तर मिळाले होते. होसोकावांनी ते वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठांनी प्रयोग थांबवायला सांगितले आणि निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही. होसोकावाही गप्प राहिले. त्यांना संत ठरवण्याची घाई करू नका. त्या शांततेच्या काळात सांडपाणी वाहतच होते आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या आयांच्या पोटी मेंदू बाधित झालेली बाळे जन्मत होती. 1962 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 1965 मध्ये निइगाता येथे दुसऱ्या कंपनीच्या सांडपाण्याने तोच आजार पसरला, तेव्हा ते तिथे जाऊन रुग्ण पाहून आले. पारा कारणीभूत असल्याचे जपान सरकारने मान्य केले ते सप्टेंबर 1968 मध्ये.

रुग्णांनी कंपनीवर खटला भरला तेव्हा होसोकावांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. 4 जुलै 1970 रोजी त्यांनी रुग्णालयाच्या खाटेवरून साक्ष दिली आणि चारशे क्रमांकाच्या मांजराची हकीकत सांगितली. ऑक्टोबरमध्ये ते वारले. मार्च 1973 मध्ये निकाल रुग्णांच्या बाजूने लागला.

आता आपल्याकडे या. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यासमोरची खाडी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. ठाणे खाडीतील पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1981 मध्येच अभ्यास प्रसिद्ध केला होता. मिनामातात मिथाइल पारा कारखान्यातच तयार होत होता. खाडीत हे काम तळच्या चिखलातले जिवाणू करतात, तेही सावकाश. मिनामातासारखी साथ इथे नोंदलेली नाही. तरी गाळात बसलेला धातू कारखान्याने पद्धत बदलली म्हणून नाहीसा होत नाही.

मासे सोडायचे का? नाही. प्रथिने, आयोडीन, ओमेगा-3 यांसाठी मासळीसारखे अन्न नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम मिथाइल पारा अशी आहे. 55 किलोच्या बाईला 88 मायक्रोग्रॅम. माशात किलोला 100 मायक्रोग्रॅम असेल तर आठवड्याला साधारण 880 ग्रॅमपर्यंत हिशेब बसतो. मिनामातातल्या काही माशांत किलोला 20,000 मायक्रोग्रॅमहून अधिक पारा होता.

लहान माशाला मोठा मासा खातो, तसा पारा वर वर साठत जातो. म्हणून गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा लहान मुलांसाठी घेत असाल, तर मांदेली, बोंबील, तारली, कोलंबी घ्या. मुशी टाळा, मोठी सुरमई क्वचित. धुऊन, तळून किंवा कालवणातले पाणी टाकून पारा कमी होत नाही, कारण तो चरबीत नव्हे, मांसाच्या प्रथिनांना चिकटलेला असतो. खाणे थांबवल्यावर शरीरातला निम्मा पारा जायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे बाळाचा विचार करत असाल तर बदल आधीपासून करा.

तोंडाभोवती किंवा बोटांत बधिरपणा असेल आणि तुम्ही रोज मोठे मासे खात असाल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अशा बधिरपणाची मधुमेह आणि बी-12 ची कमतरता ही कारणे आपल्याकडे कितीतरी अधिक आढळतात, ती आधी तपासली जातील. पाऱ्याचीच शंका असेल तर रक्ताची किंवा केसांची तपासणी करावी लागते. मिथाइल पारा लघवीत फारसा उतरत नाही.