माहीमचे मखदूम आणि सजद्याची रीत

माहीम आज मुंबईत सामावले आहे. सहाशे वर्षांपूर्वी ते गुजरातच्या सुलतानांच्या अमलातले बंदर होते. समुद्रमार्गे आलेल्या अरबांच्या वंशातली नवायत घराणी या किनाऱ्यावर स्थिरावली होती. त्यांपैकी एका घरात १३७२ साली अली यांचा जन्म झाला. हेच पुढे हजरत मखदूम अली माहिमी, म्हणजे कोकणचे कुतुब, म्हणून ओळखले गेले.

आई फातिमा यांच्यावर त्यांचा फार जीव. एक आख्यायिका आजही घरोघरी सांगितली जाते. रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली. तिची झोप मोडू नये म्हणून तो भांडे हातात घेऊन पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला. आईने डोळे उघडले आणि भरभरून दुवा दिली.

मोठेपणी त्यांनी कुराणावर अरबी भाषेत भाष्य लिहिले. एका आयतीचा पुढच्या आयतीशी संबंध कसा जुळतो, हे त्यात उलगडून दाखवले आहे. सूरहच्या आरंभी येणाऱ्या बिस्मिल्लाहचा अर्थही त्या त्या सूरहच्या विषयाला धरून नव्याने सांगितला आहे. हे भाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोत छापले गेले.

एवढा मोठा विद्वान माहीमचा काझीही होता. काझीकडे खलाशी, व्यापारी, मजूर सगळेच येत. नमाज बरोबर झाली की नाही, हा साध्या माणसाचा रोजचा प्रश्न. शाफई मताप्रमाणे धर्मनियम सांगणारा ‘फिक्ह-ए-मखदूमी’ हा छोटा ग्रंथ त्यांच्याच नावावर आहे. कोकणातले बहुतेक मुसलमान आजही याच शाफई मताचे आहेत.

नमाजचा सर्वात नम्र क्षण म्हणजे सजदा, ईश्वरापुढे कपाळ जमिनीला टेकवणे. प्रत्येक रकातीत दोन सजदे असतात. दिवसाच्या पाच वेळच्या फर्ज नमाजींत १७ रकाती, म्हणजे ३४ सजदे होतात. रमजानमध्ये तरावीहच्या २० रकाती धरल्या तर आणखी ४० वाढतात.

सजद्यात सात अवयव जमिनीला टेकावेत, ही पैगंबरांची शिकवण आहे. नाकासह कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे. पुरुषांनी कोपरे जमिनीवर पसरू नयेत. पक्षी दाणे टिपतो तशी घाई नको. अंग स्थिर होऊ द्यावे, मग डोके उचलावे, दोन सजद्यांच्या मध्ये नीट बसावे. ज्याला वाकता येत नाही त्याने बसून इशाऱ्याने सजदा करावा. मात्र रुकूपेक्षा थोडे अधिक झुकावे.

बारकाव्यांत मते वेगळी आहेत. शाफई मतात कपाळाचा काही भाग उघडा जमिनीला लागलाच पाहिजे. हनफी मतात पगडीचा पदर मध्ये आला तर ते नापसंत, पण सजदा होतो. विदर्भातल्या मशिदींत बहुतांश हनफी रीत चालते. मूलच्या एखाद्या मशिदीत कोकणातला पाहुणा नमाजला उभा राहिला आणि रुकूला जाताना, उठताना त्याने हात उचलले, तर शेजारच्या पोराला वाटेल, हा चुकला. तो चुकलेला नाही. त्याच्या मागे मखदूमांसारख्या काझींची सहाशे वर्षांची परंपरा उभी आहे. सजद्यात दोघांचे कपाळ एकाच सतरंजीवर, एकाच दिशेला टेकते.

१४३१ साली मखदूम निवर्तले. माहीमला आईच्या शेजारीच त्यांची कबर आहे. डिसेंबरमध्ये तिथे मोठी जत्रा भरते. पहिली चादर चढवण्याचा मान मुंबई पोलिसांचा. सर्व धर्मांचे लोक तिथे येतात, फुले वाहतात, दुवा मागतात. पण ज्या काझीने नमाजची रीत शिकवली, त्याच्या कबरीलाही सजदा करायचा नसतो. सजदा फक्त अल्लाहला, या नियमावर शाफई आणि हनफी यांचे एकमत आहे. वलीचा आदर करावा आणि त्याने शिकवलेली नमाज सावकाश, मन लावून अदा करावी. रमजानच्या तरावीहमध्ये, दिवसभराच्या उपासाने थकलेल्या अंगाला घाई सुटते, तेव्हा ही शिकवण विशेष आठवावी.