नामदार गोखले: ज्या आजाराला तेव्हा औषधच नव्हते

पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्याचे अधिकृत नाव आहे 'नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ'. गांधीजी ज्यांना राजकीय गुरू मानत, ते हे गोखले वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी गेले. त्यांना मधुमेह होता आणि पुढे हृदयानेही साथ सोडली.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने नोकरी धरून धाकट्याला शिकवले. १८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि पुण्यात शिक्षक, मग फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक म्हणून त्यांनी १९०२ पर्यंत काम केले. त्यानंतर ते केंद्रीय कायदेमंडळात गेले आणि 'नामदार' झाले. तिथे अर्थसंकल्पावरची त्यांची आकडेवारीने भरलेली भाषणे सरकारला जड जात.

१९०५ हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत धावपळीचे वर्ष. १२ जूनला पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची, म्हणजेच भारत सेवक समाजाची स्थापना, मग इंग्लंडचा दौरा आणि डिसेंबरमध्ये बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथल्या भारतीयांची बाजू मांडून आले.

साखर मोजायची तरी कशी?

या सगळ्या काळात तब्येत ढासळत होती. तेव्हा मधुमेह ओळखायचा तो मुख्यतः लघवीतल्या साखरेवरून. रक्तातली साखर मोजणे किचकट होते आणि रोजच्या उपचारात त्याचा वापर नव्हता. उपचार म्हणजे पथ्य, विश्रांती आणि हवापालट. १९१४ मध्ये गोखले उपचारांसाठी फ्रान्समधल्या विशीला गेले. तिथले खनिज पाणी मधुमेहावर गुणकारी समजले जाई. ते युरोपात असतानाच पहिले महायुद्ध भडकले आणि ते पॅरिसमध्ये अडकून पडले.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी भारतात परतले. पुण्यात त्यांच्यासाठी ठेवलेल्या छोट्या मेळाव्याला गोखले आजारी असूनही आले आणि तिथेच त्यांना भोवळ आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कार्यक्रम चालू ठेवण्याचा निरोप पाठवला. अखेरच्या दिवसांतही त्यांनी राजकीय सुधारणांचा मसुदा लिहून काढला. १९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री पुण्यात त्यांचे निधन झाले.

टोरांटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये. पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये, म्हणजे गोखले गेल्यानंतर जेमतेम सात वर्षांनी.

आज रक्त काय सांगते?

रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की रक्तवाहिन्यांची आतली भिंत खराब होते. ही हानी हृदयाकडे जाणाऱ्या वाहिन्यांची होते, तशीच मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यांचीही. म्हणूनच मधुमेह असणाऱ्यांना हार्ट अटॅकबरोबर ब्रेन स्ट्रोकचा, म्हणजे पक्षाघाताचा धोकाही जास्त असतो.

हा धोका आता साध्या रक्त तपासणीत आधीच दिसू शकतो. 'एचबीए१सी' गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते: ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. 'एलडीएल' हे वाईट कोलेस्टेरॉल वाढले की वाहिन्यांत थर साचतात. 'होमोसिस्टीन' वाढणे हेही स्ट्रोकच्या धोक्याशी जोडलेले आहे. बी-१२ कमी पडले की ते वाढते आणि ही कमतरता शाकाहारी लोकांत बरीच आढळते. मात्र, होमोसिस्टीनची तपासणी सरसकट सगळ्यांना लागत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचे. कोणताही एक आकडा स्ट्रोक येणारच असे सांगत नाही. रक्तदाब, तंबाखू, वय आणि घरातला इतिहास यांच्या जोडीनेच तो वाचायचा असतो.

गोखल्यांना आपला आजार माहीत होता. तो काबूत आहे की नाही, हे नेमके मोजण्याची सोय आणि आटोक्यात ठेवणारे औषध मात्र त्यांच्या काळात नव्हते. आज दोन्ही आहे. तरीही अनेकांचा मधुमेह तपासणीच न केल्यामुळे लक्षात येत नाही.