नाइटिंगेल बाई व तिच्या घरची माणसे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तिच्या घरची हकिकत मात्र थोड्यांसच माहीत असेल. श्रीमंत इंग्रज घराण्यात १८२० साली तिचा जन्म झाला. १८४५ साली तिने इस्पितळात रुग्णसेवा शिकण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा आई व बहीण ह्यांनी आकांत मांडिला. ते काम मद्यपी व अडाणी बायांचे, असा लोकांचा ग्रह होता. आणि तो अगदीच निराधार होता असे आम्हांस म्हणवत नाही.

१८५१ साली ती जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे पाळक फ्लीडनर ह्यांच्या सेविकागृहात सुमारे तीन महिने राहिली. तेथील इस्पितळाची व्यवस्था तिला पसंत पडली नाही. परंतु बहुतेक शेतकऱ्यांच्या मुली असलेल्या त्या भगिनींची निष्ठा तिच्या मनात ठसली. पुढे बापाने सालिना ५०० पौंड बांधून दिले, आणि स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात ती थकली असता १८५५ साली तिची आत्या तिच्याजवळ जाऊन राहिली.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाची शाळा १५ उमेदवार स्त्रियांनिशी सुरू झाली. शिक्षणाबरोबरच राहण्यास घर, प्रत्येकीस निराळी खोली व वर देखरेखीस मेट्रन, अशी तजवीज होती. मग आईबापांनी भ्यावे कशास? १८७२ सालापासून बाई आजारी असूनही ह्या मुलींस वेळोवेळी लांब पत्रे लिही, आणि एकेकीस आपल्या घरी चहास बोलावून तिची विचारपूस करी.