गिटार न वाजवता गिटार बदलणारा लिओ फेंडर

आजच्या फोनची बॅटरी बदलायची तर आधी मागचा गोंद गरम करून सोडवावा लागतो. पनवेलच्या कुठल्याही मोबाइल रिपेअरवाल्याला विचारा, तो वैतागूनच सांगेल. १९५० साली कॅलिफोर्नियात एक इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली, तिची दांडी मात्र चार स्क्रू काढले की हातात यायची. ती बनवणारा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता, त्यामुळे यात नवल नाही.

त्याचं नाव क्लॅरेन्स लिओनिदास फेंडर, सगळे लिओ म्हणायचे. जन्म १० ऑगस्ट १९०९. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. लहानपणीच एक डोळा गेला, तिथे काचेचा डोळा बसवला. शिक्षण अकाउंटिंगचं, नाद रेडिओचा. मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली उसने पैसे घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातले वादक बिघडलेले अँप्लिफायर घेऊन यायला लागले, आणि काय कुठे तुटतं हे लिओला रोजच्या रोज समजत गेलं. तो स्वतः गिटार वाजवायला कधीच शिकला नाही.

इलेक्ट्रिक गिटार चालते कशी? तारांखाली पिकअप असतो: चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं. तेच अँप्लिफायर मोठं करतो. पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला, तर स्पीकरच्या आवाजाने गिटारची पेटीच हलायला लागते आणि कानठळ्या बसवणारा फीडबॅक सुरू होतो. यावर उपाय म्हणजे पेटीच काढून टाकून भरीव लाकूड वापरायचं.

भरीव गिटार लिओच्या आधीही होत्या. त्याच भागातला पॉल बिग्सबी ऑर्डर घेऊन हाताने एकेक वाद्य घडवायचा. १९४८ साली त्याने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी केलेली गिटार गाजली. आज ज्यांना आपण लुथियर म्हणतो, म्हणजे स्वतंत्रपणे तंतुवाद्यं घडवणारे कारागीर, त्यांच्यातलाच तो. पण अशा वाद्यासाठी गिऱ्हाइकाला थांबावं लागायचं. आपल्या मिरजेत सतार घेणाऱ्याला हे सांगायला नको.

लिओने गिटारचे सुटे भाग केले. बॉडी वेगळी, दांडी वेगळी, वायरिंग एका पत्र्याच्या पट्टीखाली. फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, झिजले तर दांडीच बदला. हे मॉडेल आधी ब्रॉडकास्टर नावाने आलं. पण ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच होतं, त्यांनी हरकत घेतली आणि १९५१ मध्ये नाव टेलिकास्टर झालं. त्याच वर्षी प्रिसिजन बास आला. उभा बास माणसाएवढा उंच, गाडीत मावत नाही, आणि त्याला फ्रेट नसल्याने सूर अंदाजाने शोधावा लागतो. लिओने त्याची गळ्यात अडकवायची फ्रेटवाली गिटार केली. सूर अचूक लागतो, म्हणून प्रिसिजन. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, स्ट्रॅटोकास्टर नव्हे. स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात अशी वादकांची तक्रार होती, म्हणून हिची बॉडी तासून शरीराला बसेल अशी केली.

पुढे मात्र चटका लावणारी गोष्ट आहे. लिओला सायनसच्या इन्फेक्शनने वर्षानुवर्षं छळलं होतं. आपण फार जगत नाही असं वाटून त्याने १९६५ साली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. नंतर एका डॉक्टरच्या उपचाराने तो बरा झाला! पण तोवर फेंडर हे नाव त्याचं राहिलं नव्हतं, आणि करारामुळे काही वर्षं स्वतःची गिटार काढायलाही बंदी होती. मग म्युझिक मॅन ही कंपनी झाली, आणि १९८० च्या सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. आडनाव वापरता येत नव्हतं, म्हणून एक अक्षर. पार्किन्सन्स झाला तरी तो वर्कशॉपला जातच राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला.

कारखान्यासाठी केलेली ही रचना नंतर छोट्या लुथियरांच्याच कामी आली. दांडी एकाकडून, पिकअप दुसऱ्याकडून घ्या, लाकूड स्वतः कापा, स्क्रू मारा. फेंडर कंपनीने अमेरिकेत स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बासच्या बॉडीच्या आकारांवर ट्रेडमार्क मागितला होता. तो २००९ मध्ये नाकारला गेला, कारण हे आकार इतक्या जणांनी वापरलेत की ते एका कंपनीची ओळख उरलेले नाहीत. हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाचा आकार मात्र कंपनीकडेच आहे. म्हणून हाताने घडवलेल्या कस्टम गिटारचा फोटो दिसला तर टोकाकडे बघा. बॉडी ओळखीची वाटेल, टोक दर कारागिराचं निराळं असतं.