लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्याच्या धाकातून

लक्ष्मीबाई टिळक हे नाव ठाऊक नाही असे मराठी ख्रिस्ती घर विरळा. पण त्यांच्या मनाने काय काय सोसले, ते संडे स्कूलमध्ये सांगताना बहुधा गाळले जाते. ते गाळू नये असे आम्हांस वाटते. आपल्या रामाकोना-सौंसरकडच्या घरांतूनही मनाची दुखणी असतात, आणि लोक काय म्हणतील म्हणून ती झाकली जातात.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ जलालपुरास गोखल्यांच्या घरी झाला. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857 च्या बंडापायी फाशी झाली होती. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, मनात विटाळाची धास्ती बसली ती कायमची. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! मीठ धुतल्यावर हाती काय उरणार? पण धास्तीपुढे हिशेब चालत नाही. बायकामुलांचे त्यात फार हाल झाले. गावाने त्याला कडक सोवळे म्हटले असेल. आम्ही वैद्य नव्हे, तेव्हा नानांच्या दुखण्याला नाव देत नाही. मात्र पुन्हापुन्हा धुण्याच्या अशा न आवरणाऱ्या ओढीला आज मंत्रचळ म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. ओरडून किंवा थट्टा करून ती ओढ जात नाही.

अशा घरातली ही मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना नारायण वामन टिळकांना दिली गेली. टिळक पुढे आपल्या शेजारच्या नागपुरात काम करीत होते. तेथून 1893 मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांना एका परदेशी मिशनऱ्याने नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत, पण घर मोडलेले. पदरी लहानगा दत्तू. दुःखाने त्या पार खचल्या.

त्यांना सावरले कोणी? थोरली बहीण भिकुताई आणि मेहुणे पेंडसे यांनी. त्यांनी लक्ष्मीबाईंना एकटे सोडले नाही, पंढरपुरास आपल्याजवळ ठेवले. फारसे शिक्षण नसताना त्या दुःखातच लक्ष्मीबाई कविता रचू लागल्या. टिळकांची पत्रेही येत राहिली. भिकुताईंना हे नवे नाते मुळीच पटलेले नव्हते, तरी त्यांनी बहिणीला जपले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. त्या काळी याहून अधिक साधन नव्हते. आज नागपुरास मनोरुग्णालय आहे, आणि 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर 2022 पासून फुकट बोलता येते. खचलेल्या माणसाला प्रार्थना कर एवढेच सांगून घरी धाडू नये.

सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या, तरी प्रथम आपले सोवळे वेगळेच ठेवीत. राहुरीस विचार करता करता त्यांना उमगले की जात माणसाने केली आहे. मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे त्यांनी ठरवले. नानांना जन्मभर ज्याचा धाक वाटला, ते त्यांच्या मुलीने असे सोडून दिले! 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

1919 साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. 1934 साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला. त्यात नानांच्या धुण्यापुसण्याची हकिकत वाचताना हसू येते, पण नानांचा तिरस्कार कोठे आढळत नाही. 1936 च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई प्रभूत निजल्या. राहिलेला भाग दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुरा केला.