पत बुडाली, नावे तरली

फिशटँक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोल्डफिश आणि गप्पी येतात. दुकानातून पिशवीत आणायचे आणि पाण्यात सोडायचे. अमेरिकेत ओहायो नदीच्या खोऱ्यात मात्र काही हौशी मंडळी, सरकारी नियम सांभाळून, गावच्या ओढ्यातलाच मासा घरी पाळतात. त्याला तिकडे सनफिश म्हणतात. त्याचा रंग निळा-केशरी असतो आणि थंडी सोसत असल्यामुळे त्याला हीटर लागत नाही. पण पठ्ठ्या भांडखोर, म्हणून टाकी मोठी हवी. विणीच्या दिवसांत नर शेपटीने वाळू उडवून ताटलीसारखा खळगा करतो. मादीने अंडी घातली की त्यांची राखण एकटा बापच करतो. अशा वेळी मालकाने टाकीत हात घातला, तर हातावरही धावून जातो.

या माशांना शास्त्रीय नावे देणारा माणसू पाण्यापेक्षा वादळातच जास्त जगला. त्याचे नाव कॉन्स्टंटाइन सॅम्युअल राफिनेस्क. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. माणसाची पत कशी जमते आणि कशी बुडते, हे तिथे रोज पाहिले. म्हणूनच या माणसाची कथा मला सोडवत नाही.

राफिनेस्कचा जन्म 1783 साली कॉन्स्टँटिनोपलजवळच्या गलाता इथे झाला. वडील फ्रेंच व्यापारी. मुलगा दहा वर्षांचा असतानाच ते अमेरिकेत पीतज्वराने वारले. शाळा-कॉलेज असे त्याला फारसे लाभले नाही. जे शिकला ते पुस्तके वाचून आणि रानोमाळ भटकून. काही वर्षे फिलाडेल्फियात कारकुनी केली, मग दहा वर्षे सिसिलीत व्यापार केला. तिथे संसार मांडला, मुले झाली.

1815 साली तो पुन्हा अमेरिकेला निघाला. जहाजावर पुस्तके, हस्तलिखिते, वाळवलेल्या वनस्पती, शंखशिंपले अशी पन्नास खोकी होती. नोव्हेंबरात किनारा जवळ आलेला असताना जहाज खडकावर आदळले. जीव वाचला, बाकी सारे बुडाले. धाकटा मुलगा त्याच वर्षी गेला. जहाज फुटल्याची बातमी सिसिलीत पोचली तेव्हा बायकोने दुसरे घर केले.

बत्तीस वर्षांचा हा माणूस रिकाम्या हाताने उठला आणि पुन्हा गोळा करू लागला. 1818 साली ओहायो नदीच्या काठाकाठाने भटकत तो केंटकीतल्या हेंडरसन गावी पोचला आणि जॉन जेम्स ऑडुबॉनच्या घरी उतरला. पक्ष्यांची चित्रे काढून पुढे जगप्रसिद्ध झालेला हा ऑडुबॉन तेव्हा दुकानदारी करत होता. त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे, की पाहुण्याने रात्री खोलीत शिरलेली वटवाघळे पकडण्याच्या नादात यजमानाचे लाडके व्हायोलिन आपटून मोडले. यजमान थट्टेखोर होता. त्याने मनानेच रचलेल्या दहाएक माशांची वर्णने पाहुण्याला सांगितली. त्यातल्या एकाचे खवले तर म्हणे बंदुकीच्या गोळीलाही दाद देत नसत! राफिनेस्कने विश्वासाने सारे टिपून घेतले.

1819 साली लेक्झिंग्टनच्या ट्रान्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत तो प्राध्यापक झाला. पुढच्याच वर्षी ओहायो नदीच्या माशांवरचे त्याचे पुस्तक निघाले. ते रचलेले मासे त्यात खऱ्या माशांच्या पंगतीत बसले होते. हळूहळू हसू झाले. नवे नाव ठेवण्याची त्याची घाई आधीच बदनाम होती. नुसत्या वनस्पतींनाच त्याने साडेसहा हजारांहून अधिक नावे दिली, आणि त्यांतली बहुतेक टिकली नाहीत. मग त्याचे खरे कामही कोणी उघडून पाहीना.

आणि तो निव्वळ भोळा होता असेही नाही. 1836 साली त्याने लेनापे आदिवासींचा प्राचीन इतिहास म्हणून एक ग्रंथ छापला. तो बनावट असल्याचे 1990च्या दशकात दाखवून देण्यात आले, आणि तो त्यानेच रचला असावा असा निष्कर्ष निघाला. फसलेल्या माणसाने इतरांना फसवले, हेही हिशेबात धरायला हवे.

मला सर्वांत नवल वाटते ते त्याच्या बँकेचे. युनिव्हर्सिटी सोडून फिलाडेल्फियात आल्यावर 1835 साली त्याने चक्क सहा टक्क्यांची बचत बँक काढली. ज्याच्या शब्दाला शास्त्रज्ञांत किंमत उरली नव्हती, तो लोकांच्या ठेवी घ्यायला बसला होता! 1840 च्या सप्टेंबरात पोटाच्या कर्करोगाने तो गेला. आयुष्यभर जमवलेला संग्रह बराचसा कचऱ्याच्या मोलाने गेला.

बँकेत ऑडिटर येतो तेव्हा एक नोंद खोटी निघाली म्हणून सारी वही फाडत नाही. एकेक नोंद पडताळतो. राफिनेस्कच्या वाट्याला असा ऑडिटर मृत्यूनंतर आला. डेव्हिड स्टार जॉर्डन या मत्स्यशास्त्रज्ञाने 1877 साली त्याचे माशांवरचे लेखन बारकाईने तपासून प्रसिद्ध केले. रचलेले मासे बाजूला काढल्यावर खरे बरेच उरले. शास्त्रात जे नाव नियमाने आधी छापले ते धरतात, म्हणून सनफिशची नावे त्याचीच राहिली.

ही पडताळणी घरच्या टाकीसमोर बसूनही करता येते. लेपोमिस हे या वंशाचे नाव. त्याचा अर्थ, कल्ल्यांच्या झाकणावर खवले असलेला. टाकीतला मासा वळला की ते खवले दिसतात. मेगॅलोटिस म्हणजे मोठ्या कानाचा. त्या झाकणाच्या टोकाची काळी पाळी खरेच कानासारखी लोंबते. मॅक्रोकायरस म्हणजे मोठ्या हाताचा. छातीजवळचे लांब पर पाहिले की हातच आठवावा. इथे घाई नाही, ऐकीव नाही. जे हातात घेऊन पाहिले, ते बरोबर लिहिले.

1924 साली ट्रान्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीने त्याच्या अस्थी फिलाडेल्फियाहून मानाने आणवल्या आणि आपल्या आवारात पुरल्या. त्या दुसऱ्याच एका बाईच्या असाव्यात, असे पुढे लक्षात आले. मरणानंतरही त्याची थट्टा संपली नाही. पण प्राणिशास्त्राच्या रीतीनुसार माशाच्या नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव आणि साल लिहितात. त्यामुळे लेपोमिस मॅक्रोकायरसपुढे आजही राफिनेस्क, 1819 अशीच नोंद होते.